एचटीएमएल येतंय ना, मग ॲप पण जमतंय की

मामांचं चादरी-टॉवेलचं होलसेल दुकान आहे इथं सोलापुरात. त्यांच्याकडं एक फिरते सेल्समन आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात, ते मोटरसायकलवर मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोट असं फिरून दुकानदारांकडनं ऑर्डरी घेतात. वहीत. संध्याकाळी मामा ती वही बघून दुकानाच्या मोठ्या वहीत उतरवून घेतात आणि मग अण्णांच्या अक्षरात १ चा ९ होतो, डबल चादर मोराची लाल १ गठ्ठा च्या जागी ९ गठ्ठे बांधून तयार. गड्ड्याच्या जत्रेच्या आधी असा एक घोळ झाला तेव्हा मामा मला म्हणाले, तू दिवसभर कंप्युटरवर काय करत बसतोस, ही वही मोबाईलमधे घाल की.

मला वेबसाईटी करायला येत होत्या, म्हणजे एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट एवढंच. कोटलिन येत नाही, स्विफ्ट तर नाहीच नाही. तरी ते ॲप झालं, चालायलंय, आणि आता ओळखीतली कॉलेजची पोरं कसं केलं कसं केलं म्हणून विचारायलेत तर एकदाच सगळं लिहून टाकतो. ज्याला साधं वेबपेज करता येतं पण ॲपला कधी हात लावला नाही त्याच्यासाठी आहे हे. ज्याला आधीच येतं त्यानं चुका काढा, राग नाही.

आत नेमकं काय असतं

साधारण पद्धत अशी की अँड्रॉइडसाठी कोटलिन किंवा जावा, आयफोनसाठी स्विफ्ट, म्हणजे एकच ॲप दोनदा लिहायचं. आपली पद्धत वेगळी. प्रत्येक फोनमधे वेबव्ह्यू म्हणून एक भाग असतो, तो म्हणजे वरची ॲड्रेसची पट्टी काढून टाकलेला ब्राउझर समजा. आपलं ॲप उघडलं की तो वेबव्ह्यू पूर्ण स्क्रीनवर उघडतो आणि त्यात आपलं एचटीएमएल पान लागतं, आणि ते पान इंटरनेटवरनं नाही तर ॲपच्या आतनंच येतं. कॅमेरा, लोकेशन, फाईल असलं काही पाहिजे असेल तर मधे प्लगइन असतो, तो जावास्क्रिप्टचं म्हणणं फोनला सांगतो आणि फोनचं उत्तर परत जावास्क्रिप्टला आणून देतो. बस, एवढंच आहे. अँड्रॉइड ५ पासनं हा वेबव्ह्यू प्ले स्टोअरवरनं वेगळा अपडेट होतो, त्यामुळं फोन जुना असला तरी आतला ब्राउझर बऱ्यापैकी नवा असू शकतो, ही आपल्यासाठी लई चांगली गोष्ट आहे.

वेबपानाचं असं ॲप करून देणारी तयार साधनं असतात. युट्यूबवर शोधलं की त्यातल्या फोनगॅपचे जुने व्हिडिओ येतील, ते सोडून द्या. फोनगॅप २००९ च्या आसपासचं, ते करणारी कंपनी अडोबीनं २०११ ला घेतली, त्याचा कोड अपाची या संस्थेकडं जाऊन कॉर्डोव्हा झाला, आणि फोनगॅपची ऑनलाइन बिल्ड करून द्यायची सोय २०२० ला बंद पडली. कॉर्डोव्हा अजून आहे पण नवीन माणसानं आज कॅपॅसिटर घ्यावं असं माझं मत. ॲपसाठी तयार बटण-लिस्ट देणाऱ्या आयोनिकवाल्यांनीच केलंय ते, १.० आवृत्ती २०१९ ला आली. आयोनिकचे तयार बटण-लिस्ट वापरायलाच पाहिजेत असं काही नाही हां, मी नाही वापरले. आणि रिॲक्ट नेटिव्ह, फ्लटर हे यातले नाहीत. रिॲक्ट नेटिव्ह जावास्क्रिप्टमधे लिहितात पण स्क्रीनवर फोनची स्वतःची बटणं येतात, फ्लटर तर डार्ट भाषेत असतं आणि सगळं स्वतःच रंगवतं. एचटीएमएल दोन्हीत नाही.

आधी ठरवा, ॲप पाहिजेच का

हे कोणी सांगत नाही. निम्म्या लोकांचं काम पीडब्ल्यूएवर भागतं. म्हणजे तुमचीच वेबसाईट, एचटीटीपीएसवर, एक मॅनिफेस्ट फाईल (नाव, रंग, १९२ आणि ५१२ पिक्सेलचे आयकॉन) आणि नेट नसताना पानं देणारा एक सर्व्हिस वर्कर. माणूस क्रोममधनं होम स्क्रीनवर टाकतो, आयकॉन येतो, ॲपसारखं उघडतं. स्टोअर नाही, फी नाही, परवानगी नाही. आयफोनवर पण आयओएस १६.४ पासनं अशा ॲपला नोटिफिकेशन पाठवता येतं, फक्त होम स्क्रीनवर टाकलेलं पाहिजे. मेसचा मेनू, क्लासचं वेळापत्रक, सोसायटीची वर्गणी असलं काही असेल तर इथंच थांबा, पुढचं वाचू नका.

आणि उलट बाजूनं, थ्रीडी गेम करायचाय, किंवा ॲप बंद असताना पण दिवसभर लोकेशन घ्यायचंय, तर वेबच्या नादाला लागू नका, नंतर रडाल.

आमचं मधलं होतं. नेट नसताना ऑर्डर लिहायची, दुकानाच्या बोर्डाचा फोटो काढायचा, आणि डेटा फोनमधे भरवशानं ठेवायचा. शिवाय अण्णांचं म्हणणं, प्ले स्टोअरवर नसलं तर ते ॲप कसलं. त्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

लॅपटॉपवर काय टाकायचं

नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं) एलटीएस म्हणजे जास्त दिवस सांभाळली जाणारी आवृत्ती, कोड लिहायला व्हीएस कोड, आणि अँड्रॉइड स्टुडिओ. पहिले दोन पाच मिनिटांत होतात. अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचं एसडीके (ॲप बांधायची हत्यारं) मात्र काही जीबी आहे, ते मोबाईलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड करायला बसू नका, मी बसलो होतो, दिवसाचा डेटा संपला आणि फाईल अर्धवट. रात्री कुणाच्या तरी वायफायवर लावून झोपा. माझ्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, त्यावर इम्युलेटर म्हणजे स्क्रीनवरचा खोटा फोन चालू केला की पंखा गिरणीसारखा आवाज करतो आणि बाकी सगळं ठप्प. इम्युलेटर नकोच. खरा फोन केबलनं जोडा: सेटिंगमधे फोनबद्दलच्या माहितीत बिल्ड नंबरवर सात वेळा बोट मारा, डेव्हलपर ऑप्शन उघडतील, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करा. केबल चार्जिंगपुरतीच असेल तर फोन दिसणार नाही, त्यात पण माझा अर्धा तास गेला.

आयफोनसाठी मॅक आणि एक्सकोड पाहिजे. नसेल तर सध्या अँड्रॉइडच करा, कोड तोच राहतो, नंतर जोडता येतं.

पान आधी फोनवर नीट दिसू द्या

व्हीट (प्रोजेक्टची मांडणी आणि बिल्ड करून देणारं साधन) वापरून साधा प्रोजेक्ट सुरू करा, रिॲक्ट किंवा व्ह्यू ही जावास्क्रिप्टची लायब्ररी येत असेल तर घ्या, नसेल तर साधं जावास्क्रिप्ट पण चालतं. आणि ॲपचा विचार करायच्या आधी ते पान फोनच्या क्रोममधे उघडून बोटानं वापरा, माउसनं नाही. बटण ४८ पिक्सेलपेक्षा लहान नको, अण्णांचा अंगठा मोठा आहे. माउस वर नेल्यावर दिसणारं काही ठेवू नका, बोट वर नेता येत नाही. इनपुटचा फॉन्ट १६ पिक्सेलच्या खाली असेल तर आयफोन त्यावर टॅप केलं की पान झूम करतो, म्हणून १६ च ठेवा.

मराठी फॉन्ट गूगलच्या लिंकवरनं घेऊ नका, नेट नसेल तर येणारच नाही. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही फुकट आहेत, फाईलच प्रोजेक्टमधे टाका. आणि ओळींची उंची इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात रस्त्यावर उभं राहून एकदा स्क्रीन वाचून बघा, ती फिकट राखाडी अक्षरं ऑफिसात लई छान दिसतात, तिथं काहीच दिसत नाही. मी सगळं पांढऱ्यावर काळं केलं शेवटी.

आता ॲपमधे घालायचं

प्रोजेक्टमधे कॅपॅसिटरचं कोअर आणि सीएलआय (टर्मिनलवरच्या कमांड) अशी दोन पॅकेज एनपीएमनं (नोडबरोबर येतं, पॅकेज टाकायला) टाका, मग टर्मिनलवर एनपीएक्स कॅप इनिट. तो तीन गोष्टी विचारतो. ॲपचं नाव, ते काहीही द्या, बदलता येतं. ॲप आयडी, कॉम डॉट तुमचं काहीतरी डॉट ॲपचं नाव असा असतो, हा मात्र विचार करून द्या कारण एकदा प्ले स्टोअरवर गेलं की तो बदलत नाही, मी गंमत म्हणून दिलेला आयडी आता जन्मभर तसाच. तिसरं म्हणजे तयार फाईली कुठल्या फोल्डरमधे आहेत. व्हीट त्या डिस्ट नावाच्या फोल्डरमधे ठेवतं, तिथं डिस्ट लिहा.

मग कॅपॅसिटरचं अँड्रॉइड पॅकेज टाका आणि एनपीएक्स कॅप ॲड अँड्रॉइड करा. एक अँड्रॉइड नावाचा फोल्डर तयार होतो, तो खराखुरा अँड्रॉइड प्रोजेक्ट आहे. इथनं पुढं रोजचा क्रम पाठ करा: एनपीएम रन बिल्ड, मग एनपीएक्स कॅप सिंक, मग एनपीएक्स कॅप रन अँड्रॉइड. बिल्डनं डिस्ट तयार होतो, सिंकनं तो उचलून अँड्रॉइडच्या प्रोजेक्टमधे जातो, रननं फोनवर जातो (रन आधी सिंक स्वतःच करतं). यातलं बिल्ड विसरलं तरी कुठलीही एरर येत नाही, नुसतं जुनंच ॲप परत दिसतं. पहिल्या दिवशी मी बटणाचा रंग बदलून दोन तास सीएसएसशी भांडत होतो, बिल्डच केलं नव्हतं.

फोन जोडलेला असताना लॅपटॉपच्या क्रोममधे ॲड्रेसच्या जागी क्रोम, कोलन, दोन स्लॅश, इन्स्पेक्ट असं टाका. तुमचं ॲप तिथं यादीत दिसेल, आणि नेहमीचा कन्सोल, नेटवर्क, एलिमेंट सगळं तसंच उघडतं. ही एक गोष्ट माहीत असली की निम्मी भीती जाते.

आणि एक शॉर्टकट सांगतील लोक, की कॅपॅसिटरच्या सेटिंगमधे आपल्या वेबसाईटचा पत्ता टाकून दे, झालं ॲप. होतं खरं, पण नेट गेलं की कोरं पान, आणि नुसती वेबसाईट गुंडाळलेलं ॲप ॲपल नाकारतं, त्यांच्या नियमांत ४.२ नंबरला स्पष्ट लिहिलंय. गूगलचं पण दुसऱ्याची साईट गुंडाळण्याबद्दल धोरण आहे.

सर्व्हरशी बोलताना

ऑर्डरी फोनमधनं मामांकडं पोचायला मधे एक सर्व्हर लागतो. लॅपटॉपवर लोकलहोस्ट ३००० ला तो चालू असतो, ब्राउझरमधे सगळं झकास, फोनवर मात्र काहीच येत नाही. कारण फोनवर लोकलहोस्ट म्हणजे फोन स्वतः. लॅपटॉप आणि फोन एका वायफायवर आणून लॅपटॉपचा आयपी द्या. तरी येणार नाही, कारण अँड्रॉइड ९ पासनं साधं एचटीटीपी ॲपमधे अडवलं जातं. टेस्टिंगपुरती सूट देता येते, पण सरळ एखाद्या स्वस्त सर्व्हरवर एचटीटीपीएस करून टाका, डोकं शांत राहतं. तरी पण येणार नाही! मग कॉर्स, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावरनं आलेल्या पानाला सर्व्हरनं परवानगी द्यायचा नियम. ॲपचं पान स्वतःला नव्या कॅपॅसिटरमधे अँड्रॉइडवर एचटीटीपीएस, कोलन, दोन स्लॅश, लोकलहोस्ट म्हणवतं आणि आयफोनवर एचटीटीपीएसच्या जागी कॅपॅसिटर, तर सर्व्हरच्या परवानगीच्या यादीत ही दोन्ही नावं घाला.

अण्णांच्या हातात दिल्यावर

इथपर्यंत मला चार दिवस लागले आणि वाटलं झालं. खरं काम इथनं पुढं दोन महिने चाललं.

पहिल्याच दिवशी अण्णांनी नग च्या रकान्यात १२ लिहिलं आणि बेरजेच्या जागी एनएएन (म्हणजे हा आकडाच नाही) आलं. मला फोन, "काय ओ, हे नान काय आलंय, रोटीचं हाय का?" झालं असं की त्यांचा कीबोर्ड मराठी, त्यांनी मराठी १२ लिहिलं, आणि जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला देवनागरी आकडे कळत नाहीत. मी घरी कायम इंग्रजी आकड्यांनी टेस्ट करत होतो, मला दिसणार कसं. उपाय सोपा आहे: इनपुट टेक्स्टच ठेवायचा, इनपुटमोड न्यूमेरिक द्यायचा म्हणजे आकड्यांचा कीबोर्ड वर येतो, आणि वाचताना प्रत्येक अक्षर तपासायचं. देवनागरी ० चा कॅरेक्टर कोड २४०६ आहे आणि ९ चा २४१५, तर या मधलं अक्षर असेल तर कोडमधनं २४०६ वजा करा, आकडा मिळाला. दाखवताना टू-लोकेल-स्ट्रिंग फंक्शनला एमआर-आयएन (मराठी, भारत) दिलं की १,२३,४५६ असं लाखाच्या स्वल्पविरामासकट मराठीत येतं, पण ते फक्त दाखवायला, डेटाबेसमधे तसं साठवलं की परत तोच घोळ.

दुसरा घोळ मोठा होता. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर रेंज येते जाते. अण्णांनी एका दुकानाची ऑर्डर टाकली, पाठवा दाबलं, गोल गोल फिरायला लागलं, एरर आली. परत दाबलं, परत एरर. तिसऱ्यांदा गेली. संध्याकाळी मामांकडं त्याच दुकानाच्या तीन ऑर्डरी, आणि गोदामातल्या पोरानं तिन्ही बांधून ठेवलेल्या. म्हणजे वहीत १ चा ९ व्हायचा, आता माझ्या ॲपनं १ चे ३ केले. मामा काही बोलले नाहीत, चहा पाजला, ते जास्त लागलं.

कारण असं होतं की पहिल्या दोन्ही वेळा ऑर्डर सर्व्हरवर पोचली होती, फक्त पोचली हे उत्तर परत येताना रेंज गेली, म्हणून फोनला वाटलं गेलीच नाही. यावर उपाय: ऑर्डर तयार होते त्या क्षणी फोनमधेच तिला एक वेगळा नंबर द्या, जावास्क्रिप्टमधल्या क्रिप्टोचं रँडम-यूयूआयडी फंक्शन आहे त्यासाठी, आणि सर्व्हरच्या टेबलात तो रकाना युनिक करा. मग तीच ऑर्डर दहा वेळा आली तरी सर्व्हर म्हणतो, आहे माझ्याकडं, ठीक आहे. आणि पाठवायचं बटणच काढून टाकलं मी. ऑर्डर आधी फोनमधे साठते, लगेच हिरवी खूण, आणि मागं ॲप आपलं आपण रेंज मिळेल तसं पाठवत राहतं. वर एक पट्टी ठेवली, "न पाठवलेल्या: ७". ती ० झाल्याशिवाय घरी जायचं नाही असं अण्णांनी स्वतःच ठरवून घेतलंय. नेट आहे की नाही बघायला नेव्हिगेटर डॉट ऑनलाइन वर विसंबू नका, वायफाय जोडलेलं असेल पण पुढं नेट नसेल तरी ते हो म्हणतं. पाठवून बघा, गेलं तर आहे.

फोनमधे साठवायला मी सुरुवातीला ब्राउझरचं लोकल स्टोरेज वापरलं होतं. ते करू नका, फोनची जागा भरत आली की सिस्टिम ते उडवू शकते. छोट्या सेटिंगसाठी कॅपॅसिटरचा प्रेफरन्सेस प्लगइन, ऑर्डरीसारख्या डेटासाठी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचा प्लगइन. आणि तरी कोणी सेटिंगमधे जाऊन क्लिअर डेटा दाबलं तर सगळंच जातं, त्याला काही इलाज नाही, म्हणूनच ती पट्टी.

तिसरं, मागं जायचं बटण. ब्राउझरमधे ते ब्राउझर सांभाळतो, इथं तुम्ही. अर्धी ऑर्डर भरलेली, चुकून मागं गेलं, ऑर्डर गायब. कॅपॅसिटरच्या ॲप प्लगइनमधे बॅकबटण नावाचा इव्हेंट आहे तो पकडा, पण एकदा तो पकडला की आधीचं आपोआप मागं जाणं बंद होतं, मग प्रत्येक स्क्रीनवर काय व्हावं ते तुम्हीच लिहायचं: पॉपअप उघडा असेल तर तो बंद, फॉर्म असेल तर साठवून मागं, पहिलं पान असेल तर ॲप बंद.

फोटोचा प्लगइन सरळ आहे, फक्त क्वालिटी आणि रुंदी कमी करून घ्या, नाहीतर एकेक फोटो चार-पाच एमबीचा आणि ती पट्टी दिवसभर ७ वरच अडकलेली. परवानग्या लागतील तेवढ्याच मागा.

स्टोअरवर

प्ले कन्सोलचं (प्ले स्टोअरवर ॲप टाकायची गूगलची साईट) खातं एकदाच २५ डॉलर, ॲपलचं दर वर्षी ९९ डॉलर. प्लेला एपीके म्हणजे फोनवर थेट टाकायची फाईल चालत नाही, नवीन ॲपला २०२१ पासनं एएबी नावाच्या प्रकारची फाईलच द्यावी लागते, ती अँड्रॉइड स्टुडिओत साइन करून, म्हणजे आपली डिजिटल सही करून मिळते. साइन करायच्या किल्लीची फाईल आणि तिचा पासवर्ड दोन ठिकाणी जपून ठेवा. प्राइव्हसी पॉलिसीचं एक पान लागतं आणि डेटा काय काय घेता त्याचा फॉर्म, तो खरा भरा.

नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेलं वैयक्तिक खातं असेल तर अजून एक अट आहे, सगळ्यांसाठी सोडायच्या आधी १२ टेस्टर सलग १४ दिवस पाहिजेत. आधी २० होते, कमी केले. त्यामुळं घाईत असाल तर पहिल्याच दिवशी बिल्ड टाकून हे १४ दिवस सुरू करून द्या. माझे १२ म्हणजे मामा, मामी, अण्णा, गोदामातलं पोरगं आणि बाकी मित्र, त्यातल्या एकानं पाचव्या दिवशी बाहेर पडून घोळ केला, म्हणून १५-१६ जण घ्या. तुमचं ॲप एका दुकानापुरतंच असेल तर मात्र एवढं करायची गरजच नाही, इंटर्नल टेस्टिंगमधे १०० जणांपर्यंत देता येतं आणि प्ले स्टोअरवरनंच उतरतं. अण्णांना तेवढंच पाहिजे होतं.

अपडेट टाकताना व्हर्जन कोड दर वेळी एकनं वाढवा, अँड्रॉइड फोल्डरमधल्या ॲपच्या ग्रेडल फाईलमधे (बिल्डची सेटिंग) असतो तो. तोच ठेवून टाकलं तर कन्सोल फाईल घेतच नाही. माझा आता २३ वर आहे. २४ मधे तेलुगू घालायचंय, गोदामातल्या पोराला मराठी वाचायला वेळ लागतो.